डेन्मार्कमधील खेडेगांवचें प्रार्थनामंदिर

डेन्मार्क हें नांव मराठी वाचकांच्या कानांवर येतें तें बहुधा दूध, लोणी आणि सहकारी संस्था यांच्या निमित्तानें. ज्यांना तंजावरच्या भोसल्यांचा इतिहास ठाऊक आहे त्यांना एवढेंही स्मरेल कीं, कोरोमांडल किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथें १६२० पासून १८४५ पर्यंत या लहानशा राष्ट्राची वसाहत होती, आणि तेथील डॅनिश अधिकारी तंजावरच्या मराठी राजांस त्या जागेबद्दल दरसाल ठराविक रक्कम पोंचवीत असत. सरफोजीराजांचे गुरुतुल्य पाद्री श्वार्ट्झ हे जन्मानें जर्मन. परंतु हिंदुस्थानांतील त्यांच्या कार्यास प्रारंभ झाला तो याच डॅनिश बंदरांत, १७५० सालीं. इतका जुना संबंध असूनही त्या लोकांचीं स्वतःचीं खेडीं कशीं आहेत आणि त्या खेड्यांच्या मध्यभागीं जी एक पांढरी शुभ्र इमारत हटकून दिसते तिच्या भिंतींत काय साठविलेलें आहे, याचा विचार आपण क्वचितच करतों. आज त्या इमारतीविषयींच चार शब्द लिहिण्याचा आमचा विचार आहे.

देश म्हणाल तर महाराष्ट्राच्या सुमारें सातव्या हिश्श्याएवढा. डोंगर म्हणून नाहींच. सर्वांत उंच नैसर्गिक जागा समुद्रसपाटीपासून अवघी १७१ मीटर. अशा सपाट भूमीवर लहानशी टेंकडी पाहून तिच्यावर प्रार्थनामंदिर उभारलें म्हणजे त्याचा मनोरा कोसभर लांबून दिसतो. मध्ययुगांत बांधलेलीं असलीं प्रार्थनामंदिरें आजही तेथें दीड हजाराहून अधिक उभीं आहेत, आणि त्यांपैकीं बहुतेक सुमारें ११०० ते १२५० या दीडशें वर्षांच्या आंत बांधलीं गेलीं. एका लहान, थंड आणि तेव्हां फारशा श्रीमंत नसलेल्या देशानें पांच-सहा पिढ्यांत एवढें दगडकाम पुरें करावें, ही गोष्ट आम्हांस कोणत्याही राजवाड्यापेक्षां अधिक विस्मयकारक वाटते.

दगडाच्या आधीं लांकूड होतें. लांकडी मंदिरें कुजलीं, जळलीं किंवा पाडलीं गेलीं. परंतु जटलंड प्रांतांतील ह्योर्निंग या गांवीं १८८७ सालीं ओक लांकडाची एक फळी सांपडली, ती कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील ही फळी. तिच्यावर वेटोळें घेत गेलेला सर्प कोरून रंगविलेला आहे, आणि तो सर्प ख्रिस्ती शिल्पांतला नसून सरळ व्हायकिंग दर्यावर्द्यांच्या जुन्या नक्षींतला आहे. धर्म बदलला तरी सुताराचा हात एकदम बदलत नाहीं, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा आम्हांस ठाऊक नाहीं.

पुढें दगड आला. हिमयुगांत बर्फानें उत्तरेकडून लोटीत आणलेले ग्रॅनाइटचे गोटे त्या देशाच्या शेतांत जिकडे तिकडे पसरलेले. नांगर धरणारास ती पीडाच. पण तेच गोटे गोळा करून गांवकऱ्यांनीं भिंती रचल्या. जटलंडांत पाथरवटांनीं ते कठीण गोटे फोडून, त्यांचे चौकोनी चिरे घडवून, तळाच्या थरावर आणि दरवाज्यांभोंवतीं सिंह व मनुष्याकृति कोरल्या. इतरत्र भिंत ओबडधोबडच ठेवून तिच्यावर गिलावा व चुना दिला. भिंतीची रचना एकच: आंतून एक व बाहेरून एक अशा दोन दगडी थरांमध्यें चुना व बारीक दगड यांची भर; एकूण जाडी सुमारें एक मीटर. खिडक्या लहान, अर्धवर्तुळ कमानींच्या, आणि उंचावर. विटा भाजण्याची कला त्या देशांत आली ती ११६० च्या सुमारास. म्हणजे आज ज्या तांबड्या विटांसाठीं डेन्मार्क प्रसिद्ध आहे त्या बहुतेक जुन्या प्रार्थनामंदिरांच्या मूळ भिंतींत नाहींत. खर्च चाले तो मुख्यतः दशमांशावर: शेताच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा धर्माकडे जाई, आणि त्याचे तीन वांटे होत, एक पाद्र्याचा, एक बिशपाचा आणि एक खुद्द इमारतीचा.

मांडणी समजण्यास अगदीं सोपी आहे. पश्चिमेस लोकांनीं बसावयाचा मोठा दिवाणखाना, पूर्वेस त्याहून अरुंद व ठेंगणा वेदीचा भाग, आणि दोहोंच्या मध्यें एक कमान. आपल्याकडील सभामंडप व गाभारा डोळ्यांपुढें आणले तरी चालेल; फरक एवढाच कीं, कमानीपलीकडचें सर्व विधान लोकांस बसल्या जागेवरून दिसतें. काहीं ठिकाणीं पूर्वेच्या टोकास अर्धगोल बाक दिलेला असतो. दरवाजे दोन: दक्षिणेचा पुरुषांसाठीं, उत्तरेचा स्त्रियांसाठीं; आणि आंत बसण्याची व्यवस्थाही तशीच, पुरुष उजव्या हातास, स्त्रिया डाव्या. उत्तर बाजू थंड आणि अंधारी. याचें समर्थन धर्मशास्त्रानें दिलें तें असें कीं, क्रुसावरील ख्रिस्ताच्या उजव्या हातास त्याची माता मरियम उभी असते आणि वेदीकडून पाहिलें असतां ती बाजू उत्तरेची होय. समर्थन सुंदर आहे खरें. पण थंडी वाजावयाची ती वाजतच असेल! बहुतेक ठिकाणीं स्त्रियांचा हा दरवाजा पुढें चिणून टाकण्यांत आला. त्याची कमान मात्र बाहेरच्या भिंतींत चुन्याखालून अजूनही ओळखूं येते.

दक्षिण दरवाज्यापुढें मध्ययुगाच्या अखेरीस एक लहान देवडी बांधण्याची चाल पडली. तिचें डॅनिश नांव 'हत्यारघर' असें आहे, कारण आंत शिरण्यापूर्वीं पुरुषांनीं शस्त्रें तेथें ठेवावीं असा संकेत होता. याच देवडीशीं बायकांचीही एक आठवण निगडित आहे. बाळंतपणानंतर सुमारें सहा आठवडे स्त्री प्रार्थनेस जात नसे. मुदत संपल्यावर ती सुइणीसह व शेजारणींसह येऊन हत्यारघरांत थांबे, आणि पाद्री बाहेर येऊन तिला आशीर्वाद देऊन आंत नेई. धर्मसुधारणेनंतरही ही चाल कित्येक पिढ्या टिकली. आमच्या वाचक भगिनींस ती फारशी परकी वाटणार नाहीं.

चवदाव्या-पंधराव्या शतकांत या साध्या इमारतींचें रूप पालटलें. पश्चिमेस घंटेसाठीं मनोरा उठला. छपराच्या दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींस विटांच्या चढत्या पायऱ्यांसारखी कड आली, आणि आज डॅनिश खेड्याचें चित्र काढावयाचें झालें तर कोणीही चित्रकार ती पायऱ्यांची कडच आधीं रेखाटील. आंतील मोठा फेरफार छताचा. पूर्वीं सपाट लांकडी तक्तपोशी असे. तिच्या जागीं विटांच्या कमानदार छताचे एकामागून एक खण घातले गेले. गंमत अशी कीं, नवें छत जुन्या तक्तपोशीच्या खालीं बसलें. त्यामुळें जुन्या भिंतींचा वरचा पट्टा छताच्या वर, अंधारांत, तसाच राहून गेला. शिडी लावून माळ्यावर चढलें म्हणजे काहीं ठिकाणीं बाराव्या शतकांतल्या चित्रांचीं डोकीं, आणि तितक्याच जुन्या ओक तुळया आजही भेटतात.

या कमानदार छतांनीं चित्रकारास नवी पाटी दिली, आणि त्या पाटीवर जें काढलें गेलें तेंच डॅनिश खेड्याचें खरें धन होय. सुमारें ६०० मंदिरांत भित्तिचित्रें उपलब्ध आहेत. अगदीं जुन्या काळच्या कांहीं चित्रांत निळा रंग लाजवर्द दगडाचा आहे; हा दगड अफगाणिस्तानांतल्या बदकशानच्या खाणींतला. तो कोणत्या उंटांच्या पाठीवरून आणि कोणत्या व्यापाऱ्यांच्या हातांतून बाल्टिक समुद्राकांठच्या एका खेड्यांत पोंचला असेल, याची कल्पना ज्याची त्यानें करावी. मागाहूनच्या चित्रकारांनीं असल्या महागड्या रंगाची हांव धरली नाहीं. गेरू, पिंवळी माती, काजळी आणि थोडा हिरवा, एवढ्यांत त्यांनीं छतेंच्या छतें भरून काढलीं.

अशा चित्रकारांपैकीं एकाचें नांव कोणास ठाऊक नाहीं. पण त्याचा हात मात्र सर्व ओळखतात. झीलंडच्या दक्षिणेस म्योन नांवाचें बेट आहे. तेथील एल्मेलुंदे, फानेफ्योर्ड व केल्डबी या तीन गांवांतलीं छतें त्यानें व त्याच्या साथीदारांनीं १५०० च्या सुमारास रंगविलीं, आणि पहिल्या गांवावरून त्याला 'एल्मेलुंदेचा उस्ताद' असें नांव पडलें. एल्मेलुंदेचें मंदिर देशांतील अत्यंत जुन्या दगडी मंदिरांपैकीं एक. त्याच्या शेजारीं कांस्ययुगांतला एक दफनाचा उंचवटा आहे, म्हणजे ती जागा ख्रिस्ती धर्म येण्याच्या दोन हजार वर्षे आधींपासूनच मानलेली असावी असें दिसतें. उस्तादाचीं माणसें लांबट अंगाचीं, अर्धवट मिटलेल्या डोळ्यांचीं. नरकाच्या जबड्यांत ढकलले जात असतांही त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हालत नाहीं. मोकळी जागा म्हणून त्याला सहन होत नसे. जेथें आकृति नाहीं तेथें तारे, फुलें आणि वेली.

पण त्याचें खरें मर्म त्याच्या विषयांत आहे. लोकांस वाचतां येत नव्हतें आणि प्रार्थना लॅटिन भाषेंत चाले, तेव्हां माना वर करून पाहाण्याचें हेंच एक पुस्तक. एल्मेलुंदेच्या छतावर आदम स्वर्गांतून हांकलला गेल्यावर नांगर धरतो, आणि तो नांगर कोणत्या पुराणांतला नसून त्या काळच्या डॅनिश शेतकऱ्याचाच चाकांचा नांगर आहे. हव्वा सूत कातते. खालीं बसलेल्या शेतकऱ्यास व त्याच्या बायकोस आपण पाहतों तें आपलेंच आयुष्य आहे हें कोणीं सांगावयास नको होतें. दुसऱ्या एका चित्रांत दोन माणसें प्रार्थना करीत आहेत: गरीबाच्या मुखांतून निघालेल्या रेषा थेट ख्रिस्ताच्या जखमांकडे जातात, श्रीमंताच्या रेषा मात्र त्याच्या मालमत्तेकडे वळतात. उपदेशाचें एक अक्षर नाहीं, पण गांवच्या सावकाराची मान खालीं गेल्याशिवाय राहिली नसेल. फानेफ्योर्ड येथें दोन बायका प्रार्थनेच्या वेळीं कुजबुजत बसल्या आहेत आणि एक सैतान त्यांचें बोलणें उतरून घेत आहे. पुरुषांच्या गप्पा उतरून घेणारा सैतान उस्तादानें कां काढला नाहीं, हा प्रश्न त्या वेळच्या बायकांनीं त्याला विचारला असेल अशी आम्हांस आशा आहे.

१५३६ सालीं राजा तिसरा क्रिश्चन यानें देश लूथरच्या पंथांत आणला. बिशपांच्या जमिनी सरकारजमा झाल्या, बिशपाचा दशमांश राजाचा झाला. परंतु इतर देशांत झाला तसा मूर्ति फोडण्याचा धूमधडाका डॅनिश खेड्यांत फारसा झाला नाहीं. चित्रें झांकलीं गेलीं तीं हळूहळू, पुढच्या शतकांत. कोठें मतभेदामुळें, पण बऱ्याच ठिकाणीं केवळ छत काळवंडलें म्हणून आणि चुन्याचा हात स्वस्त म्हणून. एकावर एक असे कित्येक थर बसले. चुन्यानें चित्रें लपवलीं आणि चुन्यानेंच तीं राखलीं.

जी वस्तु निरुपयोगी झाली ती फेंकून न देतां कोपऱ्यांत सरकविण्याचा हा स्वभाव सामानांतही दिसतो. बाप्तिस्म्याचें ग्रॅनाइटचें कुंड बहुधा सर्वांत जुनें. असलीं बाराव्या-तेराव्या शतकांतलीं कुंडें हजाराहून अधिक शिल्लक आहेत, आणि आजही गांवच्या बाळांना त्यांतच पाणी मिळतें. पूर्व जटलंडच्या पाथरवटानें सिंह कधीं पाहिला नव्हता. म्हणून त्याच्या कुंडांवर दोन सिंहांना मिळून एकच डोकें असतें आणि तें डोकें पुष्कळदां माणसासारखें दिसतें. त्या काळीं कांहीं खेड्यांत वेदीसमोर सोन्यासारखी झळकणारी पाटी असे: ओक लांकडावर तांब्याचा पत्रा ठोकून, त्यावर आकृति उठवून, वर सोन्याचा मुलामा. आर्हूस शहराजवळील लिस्बिअर गांवची अशी वेदी, सुमारें ११३५ ची, आतां राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. साल गांवची मात्र अद्याप आपल्या जागींच आहे. जुन्या क्रुसांवरील ख्रिस्त वेदनेनें वांकलेला नसून मुकुट घातलेला, डोळे उघडे ठेवून सरळ उभा असलेला राजा असतो. लढवय्या लोकांस नवा देव पटवावयाचा तर तो असाच दाखवावा लागला असेल.

धर्मसुधारणेनें तीन वस्तु पुढें आणल्या. पहिली व्यासपीठ, कारण आतां मातृभाषेंतील प्रवचन मुख्य झालें. दुसरी बांकें, कारण एवढें लांब प्रवचन उभ्यानें कोण ऐकणार? तिसरी वेदीमागची पाटी, जिच्यावर सोळाव्या शतकाच्या अखेरीस चित्रांऐवजीं नुसतीं अक्षरें लिहिण्याची प्रथा पडली. ही अक्षरांची हौस फार काळ टिकली नाहीं. सतराव्या शतकांत पुनः कोरीव काम आलें. एल्मेलुंदेची वेदीपाटी १६४६ ची. ती त्या भागाचा सुभेदार कॉर्फित्स उल्फेल्ट आणि त्याची पत्नी लिओनोरा क्रिस्तिना, म्हणजे खुद्द राजा चवथा क्रिश्चन याची कन्या, यांनीं दिली. पुढें पती राजद्रोही ठरला आणि या राजकन्येनें १६६३ पासून १६८५ पर्यंत कोपनहेगनच्या वाड्यांतील निळ्या मनोऱ्यांत कैद भोगली. तेथील आपल्या दुःखाची तिनें लिहिलेली हकीगत १८६९ सालीं छापून निघाली व डॅनिश गद्यांतील श्रेष्ठ ग्रंथांत गणली जाते. खेड्यांतल्या वेदीसमोर गुडघे टेकणाऱ्या शेतकऱ्यास यांतलें किती ठाऊक असेल तें असो. पाटी मात्र आजही जागेवर आहे. किनाऱ्याकडील गांवांत याशिवाय छताला टांगलेलें एक लहान गलबत आढळतें. समुद्रावर पोट भरणाऱ्यांनीं तें वाहिलेलें असतें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत चुन्याखालचीं चित्रें पुनः उजेडांत येऊं लागलीं. लहान हातोडी आणि सुरी घेऊन, पापुद्र्यामागून पापुद्रा काढीत, याकोब कोर्नेरुप व मॅग्नस-पेटर्सन या चित्रकारांनीं देशभर हें काम केलें. त्यांचें ऋण मोठें आहे. परंतु जेथें रंग उडाला होता तेथें त्यांनीं आपल्या कल्पनेनें भर घातली, आणि आज अमुक ओठाची रेघ १५०० ची कीं १८८० ची हें सांगणें कित्येक ठिकाणीं कठीण होऊन बसलें आहे. हल्लींचे तज्ज्ञ जेवढें उरलें तेवढेंच राखतात आणि खाडा पडला असेल तर तो खाडा तसाच ठेवतात. आमच्या मतें हीच रीत प्रामाणिक होय. राष्ट्रीय संग्रहालयानें १९३३ पासून एकेका मंदिराचें वर्णन छापण्यास प्रारंभ केला, आणि आतां गांवानें मनास येईल तशी मोडतोड करणें शक्य राहिलें नाहीं.

तरी प्रश्न सुटलेला नाहीं. सतराव्या-अठराव्या शतकांत राजानें पुष्कळ मंदिरें जमीनदारांस विकलीं. ते दशमांश वसूल करीत आणि छपरावरचें शिसें काढून विकून टाकीत. ती स्थिति गेली. १९०३ च्या कायद्यानें गांवोगांवीं उपासकमंडळें निवडलीं जाऊं लागलीं, आणि त्यांत स्त्रियांस मत देण्याचा व निवडून येण्याचा हक्क मिळाला. संसदेसाठीं मत त्यांना मिळालें तें त्यानंतर बारा वर्षांनीं, १९१५ सालीं. १९४८ सालीं तर तीन स्त्रियांस पाद्री म्हणून दीक्षा मिळाली. उत्तरेच्या चिणलेल्या दरवाज्यापासून व्यासपीठाच्या पायरीपर्यंत यावयास त्यांना आठ शतकें लागलीं. पण आतां व्यासपीठासमोरचीं बांकेंच रिकामीं पडूं लागलीं आहेत. २०२४ सालींही लोकसंख्येपैकीं शेंकडा सत्तरांहून अधिक लोक राष्ट्रीय धर्मसंस्थेचे सभासद होते व तिचा कर भरीत होते. रविवारीं मात्र कित्येक खेड्यांत मोजकींच डोकीं जमतात. आणि जे येतात त्यांना ऊब हवी! सातशें वर्षे या इमारतींत शेगडी नव्हती. एकोणिसाव्या शतकांत ती आली, तिच्यामागून यांत्रिक उष्णता आली, आणि तेव्हांपासून छतावरचीं चित्रें काजळी धरूं लागलीं, कोरीव वेदीपाट्यांचें लांकूड कोरडें पडून रंगाचे पोपडे सुटूं लागले. तज्ज्ञ म्हणतात, आठवडाभर गारठा राहूं द्या, प्रार्थनेपुरतीच ऊब द्या. मंडळांतील म्हाताऱ्या सभासदांना तें पटत नाहीं, आणि त्यांनाही सर्वस्वी दोष देववत नाहीं.

म्योनच्या उत्तरेस, झीलंड बेटाच्या स्टेव्हन्स या किनाऱ्यावर, खडूच्या उभ्या कड्याच्या अगदीं टोकावर होयेरुपचें जुनें मंदिर आहे. त्याविषयीं लोक सांगत कीं, समुद्र कडा पोखरतो म्हणून दर नाताळच्या रात्रीं मंदिर कोंबड्याच्या एका पावलाएवढें आंत सरकतें. समुद्राची चाल याहून भरभर निघाली. १९१० सालीं तेथील प्रार्थना बंद झाल्या, आंत जमिनीवर नवें मंदिर बांधलें गेलें, आणि १९२८ सालीं कड्याबरोबर वेदीचा सबंध भाग व स्मशानभूमीचा कांहीं तुकडा समुद्रांत कोसळला. उरलेला दिवाणखाना लोकांनीं पाडला नाहीं. खालून कड्यास आधार देऊन तो राखला. आज त्याच्या आंत शिरलें म्हणजे भिंतींवरचीं जुनीं चित्रें दिसतात, आणि पूर्वीं जेथें वेदी होती तेथें एक सज्जा आहे व सज्ज्याखालीं बाल्टिक समुद्र.